तहान धुळीची नव्हती

मला साखरेचा आजार आहे हे कळायच्या आधी माझ्या घरच्यांनी मला साखर पाजली. रोज, मायेनं, चमच्यानं ढवळून. यात कुणी वाईट वागलं असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवसांत काय काय होत होतं आणि आम्ही त्याचा काय अर्थ लावत होतो, ते लिहून ठेवावं असं वाटतं. कुणाच्या तरी घरात आज तेच चाललेलं असेल.

मी गोव्यातल्या पाळी गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर सावंतवाडीजवळचं, सासर डिचोलीजवळच्या सर्वणचं. यजमान, दत्ताराम (लिहिताना नाव घेते, घरात घेत नाही), खनिजाचा ट्रक चालवतात. त्या काळी ट्रकवाला जावई मिळाला म्हणून माझ्या माहेरी आनंदच झाला होता. घरात सासूबाई, ज्यांना मी मांय म्हणते, आणि आमची मुलगी मनी. मनी तेव्हा चार वर्षांची होती आणि मी तिशीच्या आत होते. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

शाळेतली तहान

चतुर्थी झाली आणि मला तहान लागायला लागली. पाळीत तहान लागणं ही काही सांगायची गोष्ट नव्हती. शाळेसमोरून सकाळपासून ट्रक जात. खिडक्या लावल्या तरी फळ्यावर, मुलांच्या केसांवर, डब्यातल्या भातावर तांबडी धूळ बसे. घसा सगळ्यांचाच कोरडा पडे. माझाही पडतो, एवढंच मी समजले.

पण माझी तहान वेगळी होती. पाणी प्यायलं की घसा ओला व्हायचा आणि तहान तशीच राहायची. घागर रिकामी केली तरी जिभेवर चामडं ओढल्यासारखं वाटायचं. आणि जेवढं पाणी आत जाई, तेवढं लगेच बाहेर यायचं.

इथेच माझी अडचण सुरू झाली. आमच्या शाळेला संडास नव्हता. मुलगे वडाकडे जात, मुली काजूच्या झाडांमागे. आम्ही शिक्षिका शाळेमागच्या एका घरातल्या बाईंच्या न्हाणीघरात जायचो. दिवसातून एकदा जायला संकोच वाटत नसे. पण मी दर तासाला जायला लागले. एकदा मी दारात उभी राहिले तेव्हा त्या बाई हसून बाजूला झाल्या, आणि ते हसू मला सहन झालं नाही.

मग मी शाळेत पाणी प्यायचं बंद केलं. वर्गात उभी राहून पाढे म्हणून घ्यायची आणि मनात फक्त पाणी असायचं. पोरं आपल्या बाटल्या तोंडाला लावत, मी नजर फिरवायची. तरीही लघवीची घाई व्हायचीच. दार समोर असायचं, चाळीस पोरं पुढ्यात, आणि मी टेबलाची कड धरून उभी. घरी जाताना बसमध्ये तेच. डिचोलीला बस बदलायची, तिथं बाजारात बाईला जायला जागा नाही. सर्वणच्या फाट्यावर उतरून मी घरापर्यंत अक्षरशः धावायची. मांय एकदा म्हणाल्या, “कोण फाटीं लागलां गो तुज्या?” कोण मागे लागलंय, ते मलाच ठाऊक नव्हतं.

रात्री तर झोपेचं खोबरं झालं होतं. उठायचं, अंगणापलीकडे जायचं, येऊन तांब्याभर पाणी प्यायचं, पुन्हा आडवं व्हायचं, पुन्हा उठायचं.

कौतुक

त्याच दिवसांत मी बारीक होऊ लागले, आणि लोकांनी माझं कौतुक सुरू केलं. लग्नानंतर मी सुटले होते. आता शिंप्यानं ब्लाउज आत घेतले, मग परत आत घेतले. बांगड्या हात खाली सोडला की मनगटावरून घसरायच्या. शाळेतल्या गावकरबाई, माझ्या बरोबरीच्या शिक्षिका, म्हणाल्या, “कितें करता तुमी? आमकांय सांगा.” मी हसले. खरं तर मी दोन माणसांचं जेवत होते. भात संपवून पेज प्यायची, वर पाव खायची, आणि तरी भूक राहायची.

मांयनी आधी ठरवलं की दिवस गेले असणार. त्या खूश झाल्या. मनीच्या पाठीवर मुलगा हवा होता त्यांना. महिना भरला आणि मी बाजूला बसले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग त्यांच्या मनात दुसरं आलं. शेजारच्या वाड्यावर क्षयानं एक बाई गेली होती, तीही अशीच वाळत वाळत गेली. एक दिवस मनीचं अंथरूण त्यांच्या खोलीत गेलं आणि माझा पेला वेगळ्या फळीवर आला. दत्तारामनी मला डिचोलीला नेऊन थुंकी तपासून आणली. काही निघालं नाही. तरी पेला फळीवरच राहिला.

जे कुणाला सांगितलं नाही

हे लिहू की नको असा मी बराच विचार केला. बायकांसाठी लिहिते.

मला खाली खाज सुटायची. इतकी, की वर्गात उभं राहणं नको व्हायचं. खोबरेल लावलं, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं. दोन दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. दवाखान्यात डॉक्टर पुरुष. नवऱ्याला सांगावं, तर ट्रकवर दिवसभर फिरणारा माणूस, त्याच्या मनात काय येईल आणि माझ्या मनात काय येईल, दोन्हींची भीती. मांयना सांगायचा प्रश्नच नव्हता. मी गप्प बसले. आता कळतं की ती खाज या आजाराची अगदी जुनी आणि सगळ्यात लपवली जाणारी खूण आहे. डॉक्टरांच्या कानावर ती वेळेत गेली असती, तर पुढचं बरंच टळलं असतं.

आमच्या न्हाणीत मुंग्या यायला लागल्या तेव्हाही मी रॉकेल ओतून मोकळी झाले. मुंग्या घरात कुठेही येतात.

डोळ्यांचं मात्र मी सांगितलं, कारण ते सांगण्यासारखं होतं. मागच्या बाकावरच्या पोरांचे चेहरे पुसट झाले. दत्तारामनी म्हापशाहून चष्मा करून आणला. आठ-पंधरा दिवस बरं दिसलं, मग त्या चष्म्यातूनही धूसर.

ग्लुकोज

शेवटी दवाखान्यात गेले ती थकव्यासाठी. पाय पिठासारखे झाले होते. फळ्यावर लिहिताना हात वर धरवत नव्हता. डॉक्टरांकडे खाणीवरच्या माणसांची रांग होती, कुणी खोकत, कुणी हाताला पट्टी बांधून. त्यांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नाडी पाहिली.

“अशक्तपणा आहे,” ते म्हणाले. “या धुळीत सगळ्यांचंच असं होतं. टॉनिक देतो. ग्लुकोज घेत जा पाण्यातून, तरतरी येईल.”

मी तहानेचं सांगितलं. ते म्हणाले, “मग तर ग्लुकोज घ्याच.”

त्या दिवसापासून घरात ग्लुकोजचा डबा आला. दत्ताराम ट्रकवर निघण्यापूर्वी स्वतः पेला ढवळून माझ्या हातात द्यायचे. मांय दुपारी उसाचा रस मागवायच्या, संध्याकाळी गूळ घातलेला चहा. माझा भाऊ सावंतवाडीहून आला तो मधाची बाटली घेऊन. मी सगळं पीत होते. गोड पाणी घशाखाली उतरताना क्षणभर बरं वाटायचं आणि पेला खाली ठेवेपर्यंत तहान दुप्पट व्हायची. आणखी मागितलं की सगळ्यांना आनंद व्हायचा, पोरगी खायला-प्यायला लागली म्हणून.

आडवी झाडं

हिवाळा आला. गोव्यात भाषेवरून आंदोलन पेटलं होतं. कोकणीला राजभाषा करा म्हणणारे एका बाजूला, मराठीला करा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. बस कधी यायची, कधी नाही. एका सकाळी मला उलटी झाली, पोटात पिळवटून दुखत होतं, तरी मी शाळेत गेले, कारण बस आली होती आणि सवय होती.

दुसऱ्या तासाला माझा श्वास वेगळा चालायला लागला. खोल, भात्यासारखा, आणि थांबवता येईना. गावकरबाई धावत आल्या. माझ्या तोंडाजवळ वाकल्या आणि मागे झाल्या.

“कितें खाल्लां तुमी? पिकिल्ल्या केळ्यांचो वास येता तोंडाक.”

मी काहीच खाल्लं नव्हतं. हेडमास्तरांनी रस्त्यावर जाऊन ट्रकच्या ओळीतल्या एका ड्रायव्हरला थांबवलं, त्यानं पुढं निरोप दिला, आणि थोड्या वेळानं दत्ताराम रिकामा ट्रक घेऊन शाळेसमोर आले. गावकरबाईंनी आणि आणखी एका शिक्षिकेनं मला उचलून केबिनमध्ये बसवलं. डिचोलीच्या दवाखान्यात पाहताच त्यांनी सांगितलं, इथं थांबू नका, म्हापशाला न्या.

डिचोली सोडून अस्नोड्याच्या अलीकडे आलो तर रस्त्यावर झाडं आडवी पाडलेली. पलीकडे कोकणीसाठी रस्ता अडवून पंधरा-वीस माणसं बसलेली. ट्रक थांबला. मागे वळायला जागा नव्हती, कारण आमच्या पाठोपाठ आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. दत्ताराम माझ्याकडे वळून हळू म्हणाले, “तूं उलोव नाका.”

बोलू नको का, ते मला कळलं. माझी बोली मालवणी, त्यात मी मराठी शाळेची बाई. त्या दिवसांत तोंडातून निघालेला पहिला शब्द ऐकून माणसं एकमेकांना मोजत होती. मी गप्प राहिले. केबिनची काच वर, ऊन समोरून, जीभ टाळ्याला चिकटलेली. बाहेर दत्ताराम बायको आजारी असल्याचं कोकणीत सांगत होते, बायल दुयेंत आसा, इस्पितळांत व्हरची पडटली. ते ऐकायला येत होतं आणि मला वाटत होतं, मी या लोखंडी खोक्यात मरणार आहे आणि पाणी मागायलासुद्धा मला बंदी आहे.

एक माणूस दार उघडून आत डोकावला. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल. सहा वर्षं गोव्यात संसार केलेल्या मला ‘उदक’ हा शब्द ठाऊक नव्हता असं नाही. पण माझ्या तोंडातून निघालं ते, “पाणी.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. दत्तारामकडे पाहिलं. मग दार तसंच उघडं टाकून गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कुणाच्या तरी घरातला तांब्या होता.

“घे बाये,” तो म्हणाला, “सवकास पी.”

झाड त्यांना हलवता आलं नाही, ते फारच मोठं होतं. त्यांनी जवळच्या घरातून लाकडी खुर्ची आणली, मला तिच्यात बसवलं आणि चौघांनी खुर्ची उचलून बुंध्यावरून पलीकडे नेली. तिकडे अडकलेल्या एका टॅक्सीवाल्याला त्यांनी गाडी वळवायला लावली. दत्ताराम ट्रक तिथंच टाकून माझ्याबरोबर आले. टॅक्सीत बसल्याचं आठवतं. म्हापसा आल्याचं आठवत नाही.

नाव

शुद्धीवर आले तेव्हा हाताला नळी होती. समोर एक तरुण डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, “तुका गोडेंमूत आसा.”

कोकणीत आजाराचं नाव असं उघडंवाघडं आहे. गोड लघवी. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं ऐकलं आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. मधुमेह म्हटलं असतं तर निदान कानाला बरं लागलं असतं.

त्यांनी एकेक विचारलं. तहान? लघवी? वजन? डोळे? मग आवाज खाली आणून विचारलं, “खाज सुटते?” मी मान हलवली, आणि इतक्या दिवसांनी कुणी तरी ते विचारलं म्हणून माझे डोळे भरून आले. मुंग्यांचंही त्यांनी विचारलं. मी हो हो म्हणत गेले आणि दत्ताराम खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ऐकत होते. ग्लुकोजचं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. दत्ताराम मात्र व्हरांड्यात निघून गेले. त्या पेल्यातला चमचा रोज त्यांनीच ढवळला होता.

मी विचारलं, “किती दिवसांत बरं होईल?”

“बरें जावपाचें न्हय,” त्या म्हणाल्या. “सांबाळपाचें.” आणि मग, मला पुरतं कळावं म्हणून मराठीत: “रोज दोन इंजेक्शनं. जन्मभर. ती बंद करायची नाहीत. ताप असो, उपास असो, कुणी काही सांगो.”

मी छताकडे पाहत पडून राहिले. खिडकीला गज होते, सगळ्याच इस्पितळांच्या खिडक्यांना असतात. पण त्या दिवशी ते मला माझ्यासाठी बसवल्यासारखे वाटले.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस सारखेच होते. सकाळी लघवी काचेच्या नळीत, त्यात निळं औषध, दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर थोडी, विटेसारखं तांबडं झालं तर भरपूर. माझी नळी पहिले काही दिवस रोज तांबडी व्हायची, आमच्या रस्त्यांच्या रंगाची. मग सुई, मग नाश्ता, मग वाट पाहणं.

सिस्टरनी मला वांग्यावर सुई टोचायला शिकवलं. वांग्यावर जमलं. स्वतःच्या मांडीवर सुई टेकवली आणि हात पुढे जाईना. सिस्टर घाई न करता शेजारी उभ्या राहिल्या, मागच्या खाटेवरची बाई हाक मारत होती तरी. शेवटी मी डोळे मिटून टोचली. “डोळे उघडून,” त्या म्हणाल्या, “परत.”

शेजारच्या खाटेवर शिवोलीच्या रोझालिन म्हणून होत्या, पोटाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. माझे केस जटा झाले होते. त्यांनी न विचारता माझं डोकं मांडीवर घेऊन तेल लावून विंचरलं. वॉर्डात लहान मुलांना सोडत नसत, म्हणून दत्ताराम मनीला खिडकीबाहेर उचलून धरत. ती गजातून बोट आत घालायची आणि मी ते धरायची.

औषध लागू पडलं तसे डोळे निवळले, आणि म्हापशाहून करून आणलेल्या चष्म्यातून सगळं वाकडं दिसायला लागलं. डोळ्यांना काही झालंच नव्हतं. साखर उतरली, नंबर उतरला.

घर

घरी आल्यावर खरी कोंडी झाली. इस्पितळात सगळेच आजारी असतात. घरात मी एकटी होते.

आमच्याकडे फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली ओल्या रेतीनं भरलेल्या मडक्यात ठेवायची. काचेची सिरिंज उकळायची, पण ते पातेलं मांय चुलीवर ठेवू देईनात. लघवीची नळी तर नाहीच. मी पडवीत एक स्टोव्ह मांडला. येणारा-जाणारा तिथं डोकवायचा. सुई घेतली की ठरल्या वेळी जेवलंच पाहिजे, जेवण लांबलं तर हात थरथरतात, घाम फुटतो, म्हणून मी लग्नात, पूजेला, कुठंच मोकळेपणानं बसू शकत नव्हते. नैवेद्य दाखवायच्या आधी सून जेवायला बसते, हे मांयना फार लागायचं. दत्ताराम सुई पाहू शकत नसत. एवढा ट्रक घाटातून उतरवणारा माणूस, मी सिरिंज हातात घेतली की अंगणात जायचा.

आणि सगळ्यांच्या मनात एकच: सुई एकदा लागली की सुटत नाही. मांयच्या मते मला इस्पितळानं सुईची चटक लावली होती.

पेडण्याकडे झाडपाला देणारा एक वैद्य असल्याचं त्यांना कुणी तरी सांगितलं. मांय बस बदलत, उन्हातान्हात तिथं जाऊन आल्या. त्यांनी आणलेला रस कडू होता आणि त्याला एक अट होती, सुई बंद. त्या रविवारी माझा भाऊही आला. दुपारी जेवणं झाल्यावर मांय, भाऊ, दत्ताराम असे माझ्याभोवती बसले.

“महिनाभर करून बघ,” भाऊ म्हणाला. “एवढं आम्ही सांगतोय.”

“मी रस पिते,” मी म्हटलं, “आणि सुईही घेते.”

“सुई घेतल्यार रस लागू पडचो ना,” मांय म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “तुजें बरें जावचें म्हणून गेलें गो हांव थंय.”

मी दत्तारामकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडक्यात हात घातला तर नुसती ओली रेती.

“मांय, बाटली खंय आसा?”

“दिवची ना,” देणार नाही म्हणाल्या, आणि भात निवडत बसल्या. दत्ताराम पहाटेच ट्रकवर गेले होते. नवी बाटली म्हापशाला, आणि त्या दिवशी बस बंद. मी घरात अडकले, आणि घरातली सगळी माणसं माझ्यावर प्रेम करणारी.

मी भांडले नाही. स्टोव्ह पेटवला आणि मांयच्या समोर नळी उकळली. विटेचा रंग आला. त्या म्हणाल्या, “तो रंग तुज्या वखदाचो,” म्हणजे त्या निळ्या औषधाचा. दुपारपर्यंत तहान परत आली, ती ओळखीची, चामड्यासारखी. मी घागरीशेजारी बसले आणि पेल्यावर पेला पीत राहिले, त्यांच्या देखत. मांय न पाहिल्यासारखं करत होत्या. संध्याकाळी मला उलटी झाली.

मनी दारात उभी होती. ती आजीला म्हणाली, “आजी, आई परत ट्रकातून इस्पितळांत वतली?”

मांय उठल्या. माजघरात गेल्या, कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. भाताची कुसं त्यांच्या हाताला तशीच चिकटलेली होती.

त्या रात्री दत्ताराम आले, त्यांना मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिरिंज काढली तेव्हा ते अंगणात गेले नाहीत. तोंड फिरवून, पण खोलीतच उभे राहिले.

ज्यांना हे वाचून शंका येईल त्यांना

पाणी पिऊन तहान भागत नसेल, जेवूनही वजन उतरत असेल, रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागत असेल, तर धुळीला, उन्हाला, कामाला दोष देत बसू नका. नजर अचानक बदलली, खाज हटत नाही, अंगात त्राण नाही, हेही त्याच घरचे पाहुणे असू शकतात. यातलं एखादंच दिसेल, कधी काहीच दिसणार नाही. मुंग्या येण्याची वाट पाहू नका. लघवी-रक्त तपासायला थोडाच वेळ लागतो. डॉक्टरांनी नाही सुचवलं तर आपण मागा. आणि उलट्या, पोटदुखी, भात्यासारखा श्वास, तोंडाला फळासारखा वास असेल तर त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठा. चालू असलेली सुई कुणाच्याही शब्दाखातर बंद करू नका.

मांय

मांयना यातलं काहीच झालं नव्हतं. ना तहान, ना वजन कमी. पुढं एका पावसाळ्यात शेतात पायाच्या बोटाला लागलं आणि ती जखम भरेना, एवढंच. हळद झाली, पाला झाला. पाऊस संपत आला तरी ओलच. मी म्हटलं, तपासूया. त्या ऐकेनात. शेवटी दत्तारामनी त्यांना सरळ म्हापशाला नेलं. साखर निघाली, आणि बरीच. बोट वाचवायला त्यांनाही सुई लावली.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी त्या पाटावर बसल्या आणि साडी गुडघ्यावर घेतली. मी रोज स्वतःला टोचत आले होते, पण दुसऱ्याच्या अंगाला सुई लावताना मी ती टेकवून तशीच थांबले. मांय माझ्याकडे बघत म्हणाल्या, “घाल गो. किती वेळ?”

ती जखम भरली. बोट वाचलं. डॉक्टरांनी त्यांची सुई बंद करून गोळ्या दिल्या. त्या वयात येणाऱ्या आजाराला पुष्कळदा गोळ्या पुरतात, माझ्या आजाराला पुरत नाहीत. इस्पितळातून परतल्या त्या अंगणातूनच हाक मारत आल्या, “म्हजी सुई सुटली गो.”

मी पडवीत सिरिंज उकळत होते. बरं झालं म्हणाले, आणि स्टोव्हकडे तोंड करून रडू लागले. इस्पितळात मी एवढी रडले नव्हते. त्यांची सुटली याचं मला वाईट वाटलं नव्हतं. पण सुटते कुणाची तरी, हे मी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मांय चप्पल न काढताच पडवीच्या पायरीवर थांबल्या. काही वेळानं आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई घ्यायला बसले तर त्या चहाचा पेला घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. तेव्हापासून रोज बसतात. मी सुई घेऊन कापूस दाबून धरते, मग त्या पेला तोंडाला लावतात. तोवर चहा निवलेला असतो.